अकरा फेब्रुवारीचे तिघे

रविवारी सकाळी सव्वानऊला लोरेटा स्टेन्सरूडच्या घरातला फोन वाजला, तेव्हा ती दचकली. रविवारी तिला कोणी फोन करत नसे. खरं सांगायचं तर सोमवारीही करत नसे.

"मिस लोरेटा, मी मार्व्हा. एल्डनची मार्व्हा. बाबा तुमच्याकडे आलेत का हो?"

"माझ्याकडे? तुझे बाबा माझ्याकडे कशाला येतील?"

"आज त्यांचा वाढदिवस. मी केक घेऊन आले तर घर रिकामं. गाडी गॅरेजमध्येच आहे. आणि त्यांच्या छातीत दुखायच्या गोळ्या टेबलावरच राहिल्यात."

लोरेटानं खिडकीबाहेर पाहिलं. थर्मामीटर शून्याखाली बारा दाखवत होता. बाहत्तर वर्षांचा, दुबळ्या हृदयाचा माणूस असल्या थंडीत पायी गेला असेल, तर त्याच्या हातात फार वेळ नव्हता.

"आलेच," ती म्हणाली. डोक्याला फिका पडलेला पिवळा रुमाल बांधला, कोट चढवला, सवयीनं कानावर पेन्सिल खोचली आणि निघाली. त्या पेन्सिलीच्या मागच्या टोकाचा चावून चावून भुगा झाला होता.

व्हर्नन ग्रोव्ह हे अमेरिकेतल्या आयोवातलं एवढंसं गाव. एके काळी गावाला आपला व्यावसायिक बेसबॉल संघ होता. लोरेटा दिवसा शाळेत गणित शिकवायची आणि संघाचा सामना असला की स्कोअरची वही सांभाळायची. क्लबनं पगारी ठेवलं होतं तिला. चौऱ्याहत्तर साली संघ बंद पडला, पुढे शाळेतूनही ती निवृत्त झाली. लग्न केलं नव्हतं. तरी गावात काही हरवलं, काही बिनसलं, की लोक तिलाच बोलवायचे. बाईच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणायचे, आणि काम झालं की विसरून जायचे.

एल्डन हॅपलच्या स्वयंपाकघरात मार्व्हा हुंदके देत बसली होती. शेरीफचा डेप्युटी कर्टिस वही काढून उभा होता. तो लोरेटाचा जुना विद्यार्थी.

"मिस स्टेन्सरूड, काही काळजी करू नका," कर्टिस म्हणाला. "हिचे बाबा बसनं ॲरिझोनाला निघालेत. मित्राकडे. मी पुढच्या थांब्यावर बस अडवायला सांगितलंय."

"सहावीतही तू असाच होतास, कर्टिस. उत्तर आधी, गणित मागून. बॅग नेली का त्यांनी?"

"नाही," मार्व्हा म्हणाली.

"मग काय काय नेलं?"

"बूट, कोट, टोपी. आणि ते," तिनं भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बोट केलं, "त्यांचा ग्लव्ह. पंचेचाळीस वर्षं तिथं लटकत होता."

लोरेटा मागच्या दारात जाऊन उभी राहिली. पायऱ्यांवर वीतभर बर्फ तसाच होता.

"फावडं कुठं ठेवतात?"

"इथंच, दाराशी." मार्व्हानं इकडं-तिकडं पाहिलं. "अगबाई, फावडं नाहीये!"

"पायऱ्या साफ केल्या नाहीत, पण फावडं घेऊन गेले. ॲरिझोनाला फावडं कशाला लागेल, कर्टिस?"

कर्टिसनं वहीतली ओळ खोडली. मग म्हणाला, "ग्लव्ह म्हणजे बेसबॉल. मी मैदानावरही चक्कर मारली. शाळेमागच्या. बर्फावर पाऊलसुद्धा नाही."

"ॲरिझोनाचं कुठून काढलंस?"

मार्व्हानं बिस्किटांचा एक डबा पुढं सरकवला. आत वाढदिवसाची कार्डं होती, ॲरिझोनाच्या रूफस टिलरीची.

इथं थोडं मागं जावं लागेल. एक्कावन्न सालच्या सप्टेंबरात, मोसमाच्या शेवटच्या सामन्याच्या दिवशी, लोरेटाचे वडील आजारी पडले आणि त्यांच्या जागी बावीस वर्षांची लोरेटा पहिल्यांदाच वही घेऊन बसली. फलंदाजापाशी जमिनीत बसवलेल्या प्लेटच्या मागं, तिसऱ्या रांगेत. खेळाडूंची माहिती उतरवून घेताना तिच्या लक्षात आलं, की आपला चेंडू फेकणारा डावखुरा पिचर एल्डन हॅपल, प्लेटमागं बसून चेंडू झेलणारा पाहुण्यांचा कॅचर रूफस टिलरी आणि कॅचरच्या मागं उभा राहणारा अंपायर ऑरिन व्हॉस, तिघांचा जन्म एकाच दिवशीचा. अकरा फेब्रुवारी, एकोणीसशे चोवीस. तिनं ते भोंग्यावरून सांगायला लावलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. तिघांनी टोप्या उंचावल्या.

आणि त्याच दिवशी वांधे झाले. शेवटचा डाव, तिन्ही बेसवर पाहुण्यांची माणसं, एका चेंडूवर सामना. एल्डननं फेकलेला चेंडू प्लेटच्या कडेवरून गेला. टप्प्यात धरला तर एल्डन वाचला, बाहेर धरला तर हरला. ऑरिन ओरडला, "बॉल!" म्हणजे बाहेर. तो चौथा बाहेरचा चेंडू, म्हणून पाहुण्यांना फुकट धाव मिळाली, बरोबरी फुटली, सामना गेला. एल्डनला बघायला मोठ्या संघाचा माणूस आला होता, तो वही मिटून निघून गेला आणि परत कधी आला नाही. त्या दिवसापासून एल्डननं ऑरिनचं तोंड पाहिलं नाही. रूफस मात्र भला माणूस. तो दरवर्षी दोघांनाही कार्ड पाठवायचा.

"शेवटचं कार्ड कधी आलं?"

"बुधवारी. बाबांनी उभ्याउभ्याच वाचलं आणि शर्टाच्या खिशात घातलं. मला दाखवलं नाही."

"आणि या डब्यात ते नाही. म्हणजे बरोबर नेलं."

लोरेटा खुर्ची ओढून बसली आणि कार्डं वर्षवार लावू लागली. अक्षर सगळ्यांवर एकच, रूफसच्या बायकोचं, आयडेलाचं. चेंडू लागून लागून कॅचरची बोटं मोडतात. रूफसच्या हातात पेन ठरत नसे, तो सांगायचा आणि ती लिहायची. पहिली तीस-पस्तीस कार्डं दीड ओळीची. 'म्हाताऱ्या, अजून आहेस का? रूफस.' संपलं. मग शहाऐंशीपासून कार्डं लांबत गेली. मागची बाजूसुद्धा भरलेली.

तिनं एक मोठ्यानं वाचलं. "'बेकरीच्या वरची ती खोली आठवते. पहाटे पावाचा वास यायचा. एकट्यानं पडून राहायचं आणि गाव जागं व्हायची वाट बघायची. आपला वाढदिवस एक आहे हे कळलं, तेव्हा वाटलं, चला, जगात आपलं कोणीतरी आहे.'"

"बिचारा," मार्व्हा म्हणाली.

"हं." लोरेटाच्या कपाळावर आठी पडली. पाहुण्यांचा संघ स्टेशनजवळच्या हॉटेलात उतरायचा, एकेका खोलीत तिघं-तिघं कोंबलेले. तिनं पुढचं उचललं. ते ब्याण्णवचं होतं. यावेळी ती मनात वाचत गेली, आणि मधेच थांबली.

'त्या दिवशीचं अजून डोळ्यांपुढं आहे. प्लेटवर वाकलो, की दर वेळी समोर तिसऱ्या रांगेत ती दिसायची. पिवळा रुमाल बांधलेली, पेन्सिल चावणारी पोरगी. नंतर आयुष्यात पुष्कळ माणसं पाहिली, पण ती विसरलो नाही.'

लोरेटाचे कान गरम झाले. सदुसष्टाव्या वर्षी कोणीतरी आपली एवढी आठवण ठेवली होती हे कळावं, तेही दुसऱ्याच्या डब्यातून! तिला बरं वाटलं आणि रडूही आलं. तिनं दोन्ही गिळलं आणि मान वर केली.

समोर भिंतीवर एक जुना फोटो होता. त्याच सामन्याचा. वार्ताहरानं पिचरच्या मागून काढलेला. प्लेटच्या मागं रूफस उकिडवा बसलेला, जाळीच्या मुखवट्याआडून कॅमेऱ्याकडे बघणारा. प्लेटच्या अलीकडे अंपायर ऑरिन कमरेत वाकून छोट्या ब्रशनं धूळ झाडतोय. त्याचा नुसता पार्श्वभाग दिसतोय. मागं प्रेक्षकांच्या रांगा, ठिपक्यांएवढ्या तोंडांच्या.

"हा फोटो इथं कशाला? तुझे बाबा तर त्याचं नाव काढू देत नाहीत."

मार्व्हा रडता रडता हसली. "बाबा म्हणतात, व्हॉसची बघण्यासारखी तेवढीच एक बाजू आहे."

लोरेटा फोटोपुढं बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "ॲरिझोनाचा नंबर लाव."

आयडेला टिलरीनं फोन लगेच उचलला.

"मी व्हर्नन ग्रोव्हहून लोरेटा स्टेन्सरूड. रूफसशी बोलायचं होतं."

पलीकडून म्हातारीचा थकलेला आवाज. "रूफसला जाऊन अकरा वर्षं होतील, बाई."

मार्व्हानं तोंडावर हात घेतला. कर्टिस पुढं सरसावला.

"मग कार्डं कोण पाठवतं?"

"मी. मजकूर मला टपालानं येतो, मी उतरवून धाडते. एल्डनची उत्तरं आली की तिकडं पाठवते."

"तिकडं म्हणजे कुणाकडं?"

"ते नाही सांगणार. वचन दिलंय. पण वाईट काही नाही हो त्यात. आणि आता संपलंच म्हणा. पुढच्या महिन्यात मी मुलीकडं राहायला जातेय, हे घर बंद. त्याला तसं कळवलं. हे कार्ड शेवटचं."

"शेवटच्या कार्डात काय लिहिलं होतं?"

"वाचत नाही मी. म्हणजे उतरवते, पण दुसऱ्याचं म्हणून लगेच विसरते. मैदानाचं काहीतरी होतं. भेटायचं होतं."

फोन ठेवल्यावर कर्टिस म्हणाला, "झालं! मेलेल्या माणसाच्या नावानं कोणीतरी म्हाताऱ्याला बाहेर काढलंय. भामटा असणार. नाहीतर वैरी. गावात त्यांचा वैरी कोण?"

"ऑरिन व्हॉस," मार्व्हा ताडकन म्हणाली. "पंधरा वर्षांपूर्वी इथंच येऊन राहिलाय. या गावात त्याचं कोणी नाही. कशाला आला असेल?"

"अंपायरचं कुठंच कोणी नसतं," लोरेटा म्हणाली. "लीगचा नियमच होता तसा. खेळाडूंबरोबर जेवायचं नाही, ते राहतील तिथं राहायचं नाही, गावात ओळखी वाढवायच्या नाहीत. किती वाजले?"

"सव्वाअकरा."

तिनं टेबलावरची गोळ्यांची बाटली कोटाच्या खिशात टाकली. "कर्टिस, बस सोड. डॉक्टरला इथं आणून बसव. मार्व्हा, घोंगड्या गरम कर आणि पाणी उकळत ठेव. मी येते त्यांना घेऊन."

"पण ते आहेत कुठं?"

"ते ज्याला माहीत आहे, त्याच्याकडंच निघालेय."

रस्ते रिकामे होते. गाव चर्चमध्ये. ऑरिन व्हॉस शिलाईची मशिनं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर एका खोलीत राहायचा. लोरेटानं गाडी लावली आणि क्षणभर त्या इमारतीकडं पाहिलं. दुकानावरच्या जुन्या पाटीचा रंग उडाला होता, पण गव्हाची लोंबी अजून ओळखू येत होती. पूर्वी तिथं बेकरी होती.

दार उघडंच होतं. ऑरिन खिडकीशी खुर्चीत बसला होता. दाढी घोटलेली, अंपायरचा निळा कोट घातलेला, टोपी मांडीवर. कुठंतरी निघालेला माणूस निघायच्या आधीच थिजून बसावा तसा. दाराजवळच्या खिळ्याला एक छोटा ब्रश टांगलेला होता.

"ऑरिन, एल्डन कुठंय?"

"मला काय माहीत? आमचं बोलणं नाही."

"बोलणं नाही, लिहिणं आहे. कुठं बोलावलंस त्याला?"

त्यानं खिडकीवरून मान वळवली. "तुला कसं..."

"ते नंतर. तो घरी नाही. गोळ्या घरी राहिल्यात. कुठं आणि किती वाजता?"

"दहाला." तो टोपीकडं बघत म्हणाला. "प्लेटवर. लिहिलं होतं, रूफस येतोय, एक चेंडू टाकायला ये. मी जाणारच होतो, लोरेटा. देवाशपथ. कपडे केले. मग वाटलं, तो रूफसची वाट बघत असणार आणि समोर दिसणार मी! तिथंच त्याची छाती बंद पडायची. म्हटलं, कोणी आलं नाही तर जाईल आपला घरी."

"घरी गेलेला नाही. कोणत्या प्लेटवर? शाळेमागं कोणी नाही."

"ते पोरांचं मैदान. आपलं जुनं."

जुनं मैदान! धान्याच्या कोठारामागचं. ते पाडून वीस-एकवीस वर्षं झाली होती. आता तिथं नुसतं मक्याचं शेत होतं. झेंड्याचा खांब तेवढा उरला होता. कर्टिसच्या वयाच्या माणसाला तिथं कधी मैदान होतं हेही माहीत नव्हतं.

"ऊठ," लोरेटा म्हणाली. "टोपी घाल."

"तूच जा. मला बघून..."

"ऑरिन व्हॉस, आयुष्यभर दुसऱ्यांना बाद ठरवत आलास. आज तुझ्या हट्टापायी माणूस मरतोय. ऊठ म्हणते ना!"

तो उठला. दारातून निघताना हात आपोआप खिळ्याकडं गेला आणि ब्रश खिशात गेला. इतक्या वर्षांची सवय.

कोठार ओलांडलं आणि त्यांना तो दिसला. पांढऱ्या शेताच्या मधोमध काळा ठिपका. एल्डननं खांबापासून पावलं मोजून जागा काढली होती. एक वाटोळं खणून काढलेलं, त्यात उलटी बादली, बादलीवर तो. साठ फुटांवर दुसरं वाटोळं, त्यात प्लेटच्या जागी पुठ्ठ्याचा तुकडा, वर चार खडे. दोन्हींमधला बर्फ त्यानं एकट्यानं बाजूला सारला होता. फावडं शेजारी पडलं होतं. ग्लव्ह हातात होता आणि मान छातीवर.

लोरेटा धावली. सदुसष्टाव्या वर्षी बर्फात जेवढं धावता येतं तेवढं. "एल्डन! अरे एल्डन!"

मान हलली. ओठ निळे. तिनं त्याच्या जिभेखाली गोळी ठेवली, आपला कोट काढून त्याला गुंडाळला. ऑरिन वीस पावलांवर अडून उभा होता. एल्डनच्या डोळ्यांवर हळूहळू नजर आली. ती लोरेटावरून सरकत निळ्या कोटावर गेली आणि तिथंच थांबली.

लोरेटा दोघांच्या मधे सरकली.

"उशीर केलास, अंपायर," एल्डन म्हणाला.

तासाभरानं एल्डन आपल्या स्वयंपाकघरात शेगडीशी घोंगड्यांत बसला होता. डॉक्टर तपासून गेला होता. पायाच्या दोन बोटांचं काय ते उद्या कळेल, बाकी म्हातारा चिवट आहे म्हणाला. ऑरिन दाराजवळ उभा होता, कोणी बस म्हणेना म्हणून.

कर्टिसनं वही उघडली. "मिस स्टेन्सरूड, आता सांगा. यानंच लिहिलं हे कशावरून? अक्षर आयडेलाबाईंचं, शिक्का ॲरिझोनाचा."

लोरेटानं कॉफीचा कप खाली ठेवला. "अक्षर उसनं घेता येतं. पण आठवण ज्याची त्याचीच असते. पंच्याऐंशीपर्यंत रूफस दीड ओळ लिहायचा. एकदम बोलका कसा झाला? मग ती बेकरीवरची खोली. खेळाडू उतरायचे स्टेशनपाशी, तिघं-तिघं एका खोलीत. तिथं एकट्यानं पडून राहायला जागा कुठली? खेळाडूंपासून लांब, एकट्यानं राहायचं कुणी? अंपायरनं. लीग अंपायरना त्या बेकरीवर ठेवायची. हा अजून तिथंच राहतो."

"पण रूफसला चुकून..."

"म्हणून मीही थांबले. मग ब्याण्णवचं कार्ड वाचलं. 'प्लेटवर वाकलो की समोर तिसरी रांग दिसायची.' कर्टिस, हा फोटो बघ. कॅचर कुठं बघतोय?"

"पिचरकडं."

"दिवसभर तो तिकडंच बघतो. तिसरी रांग त्याच्या पाठीमागं. मी त्या दिवशी रूफसची नुसती पाठ पाहिली. प्लेटवर वाकून प्रेक्षकांकडं तोंड करणारा माणूस मैदानात एकच. धूळ झाडताना लोकांपुढं पार्श्वभाग करायचा नाही, म्हणून तो प्लेटला वळसा घालतो, पिचरकडं पाठ करतो आणि वाकतो. दर वेळी. वर बघितलं की समोर तिसरी रांग."

सगळ्यांनी फोटोकडं पाहिलं. मग दाराकडं. ऑरिनची मान खाली गेली.

"मेलेल्या माणसाच्या नावानं पत्रं लिहिणं म्हणजे..." कर्टिसनं पेन सरसावलं.

"पेन ठेव," एल्डन घोंगडीतून गुरगुरला. "तक्रार कोण करणार? मी? मला ब्याण्णवपासून माहितेय."

"बाबा!"

"लोरेटा मोठी हुशार, मान्य. पण तिला फोटो लागला. मला नाही लागला. अगं, त्या दिवशी दर वेळी माझ्याकडं ढुंगण करून वाकत होतं कोण? ते कार्ड वाचलं आणि म्हटलं, हा रूफस नव्हे. हा तर तो हलकट."

ऑरिननं मान वर केली. "मग उत्तरं का धाडलीस?"

एल्डननं हात शेगडीकडं धरले. "दुसरं कोण लिहीत होतं मला?" तो म्हणाला. "मार्व्हाची आई गेल्यावर या घरात माझ्या नावानं येतं ते विजेचं बिल आणि तुझं कार्ड. नावानं बोललो असतो तर भांडावं लागलं असतं. रूफसच्या नावानं बरं चाललं होतं. तुझं काय?"

"माझंही तेच," ऑरिन म्हणाला. "रूफस गेल्याचं आयडेलानं मला कळवलं. वाटलं, आता अकरा फेब्रुवारीला मी जन्मलो हे कुणाच्याच लक्षात राहणार नाही. तू माझं पत्र फोडलंही नसतंस."

"नसतंच फोडलं."

मार्व्हानं गुपचूप एक खुर्ची ओढून ऑरिनच्या मागं ठेवली. तो बसला.

"आता एकच विचारतो," एल्डन म्हणाला. "त्यासाठीच दोन तास बर्फ उपसला. खरं सांग. तो चेंडू आत होता की बाहेर?"

ऑरिननं टोपी चुरगळली. "मला दिसला नाही."

"काय?"

"त्याच्या आधी प्लेट झाडली. वर पाहिलं, तर ती वहीवाली पोरगी पेन्सिल दातात धरून हसली. मी मागं जाऊन उभा राहिलो, पण ते हसणं डोळ्यांपुढून जाईना. तू फेकलास. चेंडू ग्लव्हमध्ये वाजला तेव्हा भानावर आलो. काहीतरी ओरडायला हवं होतं. जे तोंडात आलं ते ओरडलो."

एकेकाची मान लोरेटाकडं वळली. ती कपातल्या कॉफीकडं बघत बसली. एल्डनचं सगळं पुढचं आयुष्य त्या एका ओरडण्यानं फिरलं होतं, आणि त्याच्या मुळाशी ती होती.

घोंगडी हलू लागली. मार्व्हा घाबरून उठली. पण एल्डन हसत होता. हसता हसता खोकत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"पंचेचाळीस वर्षं! मला वाटायचं, माझ्याशी काही दावा होता तुझा. आणि तू पोरीकडं बघत होतास! बरं, तिला एकदा कॉफी तरी विचारलीस का?"

"नियम होता. अंपायरनं गावात ओळख..."

"अरे गाढवा, लीग बुडून बावीस वर्षं झाली!"

मार्व्हानं केक कापला. पाच ताटल्या घेतल्या, मग थोडं थांबून सहावी घेतली आणि रूफससाठी टेबलाच्या टोकाला ठेवली. कर्टिसनं वही मिटून खिशात घातली आणि दोन तुकडे खाल्ले.

दुपारी लोरेटानं ऑरिनला गाडीनं सोडलं. वाटेत ती मनात तो शेवटचा डाव पुन्हा आठवत होती. त्या क्षणी ती खरंच हसली होती, पण ऑरिनकडं पाहून नव्हे. वडिलांविना भरलेल्या पहिल्या वहीत एकही खाडाखोड झाली नाही म्हणून, वहीकडं पाहून हसली होती. अंपायर समोर आहे हे तिच्या ध्यानातही नव्हतं. हे त्याला सांगावं का? तिनं त्याच्या हातांकडं पाहिलं. मांडीवर तो छोटा ब्रश घट्ट धरलेला होता. तिनं नाही सांगितलं.

बेकरीच्या जुन्या पाटीखाली त्यानं दार उघडलं, पण उतरेना.

"पुढच्या वर्षी आयडेला नसेल," तो म्हणाला. "तुला कार्ड पाठवलं तर चालेल?"

लोरेटाला आपलं स्वयंपाकघर आठवलं. एक कप, एक खुर्ची, न वाजणारा फोन. आणि इथून तिथं अवघे चार रस्ते.

"काही नको कार्ड," ती म्हणाली. "उद्या चार वाजता मी कॉफी ठेवते. पण आता येशील ते दारानं ये, ऑरिन. पोस्टानं नको."